घरच्या आंबा आइस्क्रीमला बर्फाचे खडे का होतात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही एक लिटर टोन्ड दूध उकळलं, त्यात दोन चमचे कॉर्नफ्लोअर शिजवलं, एक वाटी साखर आणि चार हापूस आंब्यांचा रस घातला, डबा फ्रीजरमध्ये ठेवला आणि मध्ये एकदा मिक्सरमधून फिरवून घेतलं. पहिल्या रात्री बरं लागलं. तिसऱ्या दिवशी चमचा शिरेना आणि जिभेवर बर्फ करकरायला लागला. आता पंधरा दिवसांवर लेकीचं बारसं आहे, पंचवीस-तीस माणसं येणार आहेत आणि तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत : चुकलं कुठे, आइस्क्रीम मऊ ठेवण्यासाठी जीएमएस-सीएमसीच्या पावडरी घालाव्याच लागतात का, आणि मशीन घ्यावं का.

मी साताऱ्यात गेली 28 वर्षं उन्हाळ्यात घरून आइस्क्रीमच्या ऑर्डरी घेते आहे. सुरुवात हाताने फिरवायच्या लाकडी पॉटवर केली, आता दोन डीप फ्रीजर आहेत. इतक्या वर्षांत जेवढं आइस्क्रीम बिघडलेलं पाहिलं, त्यातलं बहुतेक फ्रीजरमध्ये जाण्याआधीच बिघडलेलं होतं. तुमचंही तसंच झालं आहे.

तुमच्या कृतीचा हिशेब करून बघू. टोन्ड दुधात 3 टक्के स्निग्धांश आणि साडेआठ टक्के बाकीचे घन पदार्थ असतात. उरलेलं सगळं पाणी. म्हणजे लिटरभर दुधात 900 ग्रॅमच्या आसपास नुसतं पाणी आहे. चार आंब्यांचा रस अर्धा किलो धरला, तर त्यातही 400 ग्रॅम पाणी. साखर, कॉर्नफ्लोअर सगळं धरून मिश्रण 1700 ग्रॅम होतं आणि त्यातलं 1300 ग्रॅम पाणी असतं, म्हणजे शेकडा 77. स्निग्धांश पुरता दोन टक्केही भरत नाही. आपल्याकडच्या अन्न सुरक्षा नियमांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश निदान 10 टक्के लागतो. एवढं पाणी असलेलं मिश्रण कितीही चांगल्या फ्रीजरमध्ये ठेवा, त्याचा बर्फच होणार. तुमचा हात चुकला नाही, माप चुकलं.

आइस्क्रीम म्हणजे बर्फच असतो, फक्त तो इतका बारीक असावा लागतो की जिभेला कळू नये. बर्फाचा कण साधारण 50 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेला की जीभ तो ओळखते. त्यामुळे आपल्याला तीन कामं करायची असतात : मोकळं पाणी कमी करायचं, उरलेलं पाणी झटपट गोठवायचं आणि एकदा गोठलं की ते विरघळून पुन्हा गोठणार नाही एवढं सांभाळायचं. पहिलं काम शेगडीवर होतं आणि ते सगळ्यात मोठं आहे. आपल्या आज्या-पणज्यांना मायक्रॉन माहीत नव्हते, पण बासुंदी कुठवर आटवायची हे माहीत होतं. तेच कौशल्य इथे लागतं.

आता माझं माप देते. एक लिटर फुल क्रीम दूध घ्या, पिशवीवर 6 टक्के स्निग्धांश आणि 9 टक्के बाकीचे घन पदार्थ असं लिहिलेलं असतं. घरी म्हशीचं चांगलं दूध येत असेल तर उत्तमच. जाड बुडाच्या पातेल्याचं रिकामं वजन आधी करून कागदावर लिहून ठेवा. दूध आटवायला लावा आणि पातेल्यासकट वजन करत करत दूध 700 ग्रॅम उरलं की गॅस बंद करा. 'निम्मं आटवा', 'पाऊण होऊ द्या' असं सांगितलं की प्रत्येकीचं पाऊण वेगळं होतं. म्हणून वजनकाटा. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा या कामाला पुरतो आणि आइस्क्रीमसाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर मी काटाच घ्यायला सांगेन.

आटवताना आच मध्यम ठेवा आणि उलथन्याने तळ खरवडत राहा. कडेला धरलेली साय दुधात मोडत राहा, पण आइस्क्रीमसाठी शेवटी दूध गाळून किंवा हँड ब्लेंडरने एकजीव करून घ्या. कुल्फीत सायीचे पापुद्रे छान लागतात, आइस्क्रीममध्ये ते गुठळ्यांसारखे लागतात. दूध गरम असतानाच 170 ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घाला. मग 200 ग्रॅम क्रीम, 25 टक्क्यांचं डब्यातलं फ्रेश क्रीम चालेल. घरची साय वापरायची असेल तर ताजी, दोन दिवसांच्या आतली घ्या आणि ती गरम दुधात घालूनच ब्लेंडर फिरवा. थंड साय नुसतीच घुसळलीत तर लोणी येईल आणि टाळूला तुपाचा थर बसेल.

आंबा सोडून हे सगळं मिळून 1070 ग्रॅम होतं. स्निग्धांश साडेदहा टक्के, दुधाचे बाकीचे घन पदार्थ दहा टक्के, साखर सोळा टक्के, पाणी चौसष्ट टक्के. सत्त्याहत्तरवरून चौसष्टवर आलो. कुठलीही पावडर न घालता.

साखरेबद्दल थोडं थांबते, कारण इथे खूप जणी चुकतात. मधुमेह नको, वजन वाढायला नको म्हणून साखर निम्मी करतात आणि मग आइस्क्रीम दगड झालं म्हणतात. साखर गोडीसाठी असते, तितकीच ती आइस्क्रीम मऊ राहण्यासाठी असते. साधं पाणी शून्य अंशाला गोठतं, साखर विरघळलेलं पाणी त्याच्या खाली. आइस्क्रीमचं मिश्रण गोठायला सुरुवातच उणे अडीच-तीन अंशांच्या सुमाराला होते. त्यानंतर जसजसा बर्फ बनतो तसतसा उरलेला पाक दाट होत जातो आणि तो आणखी खालच्या तापमानालाच गोठतो. त्यामुळे उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्येसुद्धा चांगल्या आइस्क्रीममधलं सुमारे पाव हिस्सा पाणी पाकाच्या रूपात गोठायचं राहिलेलं असतं. चमचा शिरतो तो त्या पाकामुळे. साखर निम्मी केली की तो पाक गेला.

सोळा टक्के साखर तुम्हाला फार गोड वाटत असेल तर 170 पैकी 40 ग्रॅम साखरेऐवजी तेवढीच ग्लुकोज पावडर घाला, साधी, चव नसलेली. ती साखरेपेक्षा कमी गोड असते, पण वजनाला वजन धरलं तर गोठणबिंदू जवळपास दुप्पट खाली नेते. गोडी थोडी उतरते आणि मऊपणा वाढतो. एक मात्र ध्यानात ठेवा, थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. त्यामुळे मिश्रण न गोठवता चाखताना ते किंचित जास्त गोडच लागायला हवं.

दूध पावडर घालावी का, असं अनेकजण विचारतात. दूध आटवायला वेळ नसेल तर लिटरला 40-50 ग्रॅम घाला, त्यापलीकडे जाऊ नका. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पाण्यात फार विरघळत नाही. ती जास्त झाली की काही दिवसांत तिचे स्फटिक बनतात आणि आइस्क्रीम वाळू मिसळल्यासारखं रवाळ लागतं. बर्फाचा खडा तोंडात विरघळतो, हे कण लवकर विरघळत नाहीत. त्यावरून दोन्ही दोष वेगळे ओळखता येतात.

आता जीएमएस आणि सीएमसी. नव्वदच्या दशकात आपल्याकडे उन्हाळी क्लासला गेलेल्या प्रत्येक बाईच्या वहीत ही दोन नावं आहेत, माझ्याही आहेत. जीएमएस म्हणजे ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट, ते दुधातला स्निग्धांश आणि पाणी यांचा मेळ घालतं आणि फेटताना हवा धरून ठेवायला मदत करतं. ते मेणासारखं असतं, थंड दुधात विरघळत नाही, म्हणून गरम दुधातच शिजवावं लागतं. सीएमसी म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, ते पाणी धरून ठेवतं, म्हणजे बर्फाचे कण वाढायला मोकळी जागा मिळत नाही. दोन्ही खाद्य दर्जाची पदार्थं आहेत, त्यात भिण्यासारखं काही नाही. पण वहीतली ती कृती लिहिली गेली पातळ दुधासाठी. त्या दुधाला अंग आणायचं काम पावडरींवर सोपवलेलं असतं. त्यामुळे त्यांचा हात थोडा जास्त झाला की आइस्क्रीम डिंकासारखं चिकट होतं आणि ताटलीत वितळायलाच तयार होत नाही. दूध नीट आटवलंत, क्रीम घातलंत तर घरी चार-पाच दिवसांत संपणाऱ्या आइस्क्रीमला त्यांची गरज नाही.

मी स्वतः पंधरा दिवस टिकवायच्या ऑर्डरीत ग्वार गम वापरते, किलोभर मिश्रणाला एक ते दीड ग्रॅम. आपल्या गवारीच्याच बियांपासून ते करतात. ते नुसतं दुधात टाकलं की गुठळ्या होतात, म्हणून आधी दोन चमचे कोरड्या साखरेत मिसळायचं आणि मग भुरभुरत घालायचं. कॉर्नफ्लोअरही तेच काम थोड्या वेगळ्या पद्धतीने करतं. लिटरला एक सपाट मोठा चमचा पुरे, पण ते खदखदून शिजलं पाहिजे, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. जुन्या जाणत्या बायका कुल्फीत पावाची चकती कुस्करून घालायच्या, त्यामागेही पिठातला स्टार्चच आहे.

मिश्रण तयार झालं की ते लगेच गोठवू नका. पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून कोमट करा, मग झाकून फ्रीजच्या खालच्या भागात रात्रभर ठेवा. रात्रभरात स्निग्धांश आतून घट्ट होतो, पिठं आणि डिंक पाणी पिऊन घेतात. सकाळी तुम्हालाच ते दाट झालेलं दिसेल. ज्या दिवशी ही रात्र मी वाचवली, त्या दिवशीचं आइस्क्रीम फेटताना फुललं नाही.

आंबा नेमका या थंड मिश्रणात घालायचा. गरम दुधात घातलात तर आंबटपणामुळे दूध फाटण्याची भीती असते आणि वासही उडतो. पण रसात चार पंचमांश पाणी आहे, त्याचं काय करायचं? सगळा रस आटवला तर पाणी जातं आणि हापूसचा वासही जातो, मग त्याला आंबापोळीची चव येते. मी निम्मा आटवते. 400 ग्रॅम रस काढायचा, त्यातला 200 ग्रॅम नॉनस्टिक कढईत मंद आचेवर 100 ग्रॅम होईपर्यंत परतायचा, पूर्ण गार करायचा आणि उरलेल्या ताज्या 200 ग्रॅमबरोबर मिश्रणात घालायचा. आटवलेल्या रसाने रंग आणि अंग येतं, ताज्याने वास. आंबा गोड असेल तर दुधातली साखर 30 ग्रॅमने कमी करा. रस चाळणीतून गाळाच, रेषा गोठल्या की दातात येतात. पायरी वापरलात तर रस जास्त पातळ असतो, मग 200 ऐवजी 250 ग्रॅम आटवा.

फळांबद्दल एवढं सांगून थांबता येत नाही, कारण प्रत्येक फळाची खोड वेगळी. सीताफळ अजिबात गरम करायचं नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत पुरंदरहून आलेल्या सुंदर सीताफळांचा गर मी आटवायला घेतला, आंब्यासारखाच. चाळीस माणसांची ऑर्डर होती आणि सगळा गर कडू झाला. तो दिवस मी विसरलेली नाही. सीताफळाचा गर बिया काढून कच्चाच, अगदी शेवटी, अर्धवट गोठलेल्या आइस्क्रीममध्ये कालवायचा. अननसाचं उलट आहे, तो कच्चा घालायचाच नाही. त्यातलं पाचक द्रव्य दुधातल्या प्रथिनांना तोडतं आणि दोन तासांत आइस्क्रीम कडवट होतं. साखरेत पाच-सात मिनिटं शिजवला की ते द्रव्य मरतं. पपईचंही तसंच. स्ट्रॉबेरीचे कच्चे तुकडे घातले की आत खडे चावल्यासारखे लागतात, म्हणून महाबळेश्वरच्या मोसमात मी तिला साखर लावून ठेवते आणि सुटलेल्या रसासकट आटवते. चिकू पूर्ण पिकलेला हवा, जरा कच्चा असला तर घशाला चीक लागतो. शहाळ्याच्या मलईचं आइस्क्रीम करायचं तर पाणी घालू नका, मलईच वाटा.

आता गोठवणं. लहानपणी आमच्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत पॉट फिरायचा. बर्फाच्या कारखान्यातून लादी यायची, भुसा लावून तरटात गुंडाळलेली. ती पोत्यातच धोपटण्याने फोडायची, सुपारीएवढे खडे करायचे. लाकडी बादलीत मधोमध धातूचा उंच डबा, त्यात लाकडी पातं, वर दांडा. डब्याभोवती बर्फाचा थर, त्यावर जाडं मीठ, परत बर्फ, परत मीठ. चार-पाच किलो बर्फाला एक किलो मीठ. आम्ही मुलं पाळीपाळीने दांडा फिरवायचो आणि फिरवणं जड झालं की एकाला बादलीवर पोतं टाकून बसवायचं.

त्या मिठामागचं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मीठ बर्फाला वितळायला लावतं. एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी उष्णता लागते आणि ती तो आजूबाजूने ओढून घेतो, म्हणजे आपल्या डब्यातून. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदूही खाली असतो, त्यामुळे ते मिश्रण पाण्याच्या रूपात राहूनसुद्धा शून्याच्या बरंच खाली जातं. मीठ 23 टक्क्यांच्या आसपास असेल तर ही मर्यादा उणे 21 अंशांपर्यंत पोहोचते. आणि हे थंड पाणी डब्याला सगळीकडून चिकटून असतं. फ्रीजरमधली हवा तितकीच थंड असली तरी हवा उष्णता फार हळू ओढते. म्हणून पॉटमध्ये पंचवीस-तीस मिनिटांत जे होतं त्याला फ्रीजरमध्ये पाच-सहा तास लागतात आणि जितका वेळ जास्त तितके बर्फाचे कण मोठे. शिवाय पातं सतत कडेचा बर्फ खरवडत राहतं, त्याला वाढूच देत नाही. 1843 साली नॅन्सी जॉन्सन या अमेरिकन बाईंनी या दांड्याच्या पॉटचं पेटंट घेतलं. आजच्या कारखान्यातल्या यंत्रातही थंड भिंत आणि खरवडणारं पातं हीच जोडी आहे.

म्हणून तुमच्या मशीनच्या प्रश्नाला माझं उत्तर असं : बारशाला तीस माणसं आहेत, तर पॉट मिळतोय का बघा. नातेवाइकांकडे माळ्यावर असतो, केटररकडे भाड्याने मिळतो, आता मोटर लावलेलेही मिळतात. डबा दोन तृतीयांशच भरायचा, फुगायला जागा लागते. मिश्रण फ्रीजमधलं थंडगार असलं पाहिजे, कोमट घातलंत तर निम्मा बर्फ तेच थंड करण्यात जाईल. पहिली दहा मिनिटं सावकाश फिरवायचं, घट्ट व्हायला लागलं की जोरात. बादलीच्या वरच्या बाजूचं भोक उघडं आहे ना ते तपासा, त्यातून जास्तीचं खारं पाणी वाहून गेलं पाहिजे. ते झाकणापर्यंत चढलं तर सगळं आइस्क्रीम खारट. झाकण उघडण्याआधी फडक्याने वरचं मीठ पुसून घ्या. पात्याला फिरवणं अशक्य झालं की पातं काढा, पाणी काढून टाका, नवा बर्फ-मीठ भरा, वर तरट घाला आणि तासभर तसंच ठेवा. एक सांभाळा : कारखान्यातला बर्फ खाण्याचा नसतो. न खाण्याच्या बर्फाला निळा रंग घालायचा नियम त्यासाठीच आहे. पॉटच्या बाहेर तो चालेल, पण त्याचा एक खडाही पन्ह्याच्या ग्लासात जाऊ देऊ नका.

घरगुती मशीन दोन प्रकारची येतात. एकात भांडं आधी चोवीस तास फ्रीजरमध्ये ठेवावं लागतं. एका दारवाल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात मे महिन्यात ते पुरतं गोठत नाही. भांडं हलवून आत द्रव डचमळल्याचा आवाज आला तर वापरू नका. तीस माणसांसाठी तीन-चार घाणे काढावे लागतील आणि प्रत्येक घाण्यानंतर भांडं पुन्हा एक दिवस गोठवावं लागेल, म्हणून बारशाला त्याचा उपयोग नाही. दुसऱ्यात स्वतःचा कॉम्प्रेसर असतो, काम उत्तम करतो, पण महाग. वर्षातून दोनदा आइस्क्रीम करणाऱ्या घरासाठी मी तो घ्यायला सांगणार नाही.

पॉट मिळालाच नाही तर नुसत्या फ्रीजरवरही चांगलं होतं, मी कित्येक जणींकडून करून घेतलं आहे. फ्रीजर आदल्या दिवसापासून सगळ्यात थंड आकड्यावर ठेवा. मिश्रण उंच डब्यात न भरता बर्फाच्या ट्रेमध्ये ओता, म्हणजे छोटे चौकोन लवकर गोठतात. चार-पाच तासांनी ते कडक झाले की दहा मिनिटं बाहेर ठेवा आणि थोडे थोडे करून दणकट मिक्सरमध्ये फिरवा, भांडंही आधी फ्रीजरमध्ये ठेवलेलं. पहिल्यांदा भुगा होतो, मग तो गोळा होतो आणि अचानक मऊ, फिकट रंगाचं आइस्क्रीम दिसायला लागतं. तिथेच थांबायचं. त्यापुढे पात्याच्या उष्णतेने ते वितळायला लागतं. लगेच थंड केलेल्या पसरट स्टीलच्या डब्यात, चार सेंटिमीटरपेक्षा जास्त थर नको, दाबून भरा, वरून बटर पेपर थेट आइस्क्रीमला चिकटवा आणि फ्रीजरच्या मागच्या बाजूला सरकवा. कागद आणि आइस्क्रीम यांच्यात हवा राहिली की तिथे हिमाचे काटे उगवतात.

तिसऱ्या दिवशीचा तुमचा दगड या साठवणीतूनही आला असणार. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज साचलेलं हिम वितळवण्यासाठी अधूनमधून स्वतःला थोडं तापवतो, वर घरात मुलं दर अर्ध्या तासाला दार उघडतात. दर वेळी बारीक कण वितळतात आणि ते पाणी मोठ्या कणांवर जाऊन गोठतं. असं चार दिवस चाललं की बारीक काही उरतच नाही. म्हणून तो डबा दारापासून लांब, जाड टॉवेलात गुंडाळून ठेवला तरी फरक पडतो. एकदा पूर्ण वितळलेलं आइस्क्रीम मात्र पुन्हा गोठवून पाहुण्यांना देऊ नका, दुधाचा पदार्थ आहे, त्यात जंतू वाढायला उन्हाळ्यात वेळ लागत नाही.

बाजारातून आयतं 'व्हिप क्रीम' आणून त्यात कंडेन्स्ड मिल्क घालून करायची झटपट पद्धत तुम्ही पाहिली असेल. होतं, मऊही राहतं, कारण कंडेन्स्ड मिल्कमध्ये पाणी फार कमी आणि साखर भरपूर असते. पण केकवाल्यांकडचं ते क्रीम बहुतेक वेळा दुधाचं नसून वनस्पती तेलाचं असतं. पाकिटावर घटक वाचा. दुकानातल्या डब्यांवरही 'आइस्क्रीम' आणि 'फ्रोझन डेझर्ट' असे दोन वेगळे शब्द असतात, दुसऱ्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल चालतं. लेकीच्या बारशाला मी तरी दूधच आटवेन.

कुल्फीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पॉट आणि मिक्सर दोन्ही जमलं नाही तर तुमची सुटका कुल्फीत आहे. तिला फेटावं लागत नाही, हवा लागत नाही. लिटरभर फुल क्रीम दूध 450 ग्रॅमपर्यंत आटवा, 60 ग्रॅम साखर घाला, वेलची, केशर, हवी तर बदामाची पूड. 42 टक्के घन पदार्थ होतात, त्यामुळे मोठा बर्फ व्हायला पाणीच उरत नाही. साचे लहान असले की गोठतेही लवकर. पूर्वी पत्र्याच्या साच्यांची झाकणं कणकेने बंद करून ते बर्फ-मिठाच्या माठात पुरायचे, आपल्या जत्रांमध्ये मटका कुल्फी विकणारे अजूनही माठ हलवत बसलेले दिसतात. आंबा कुल्फी करायची तर आटवलेलाच रस घाला, ताजा नको.

दूध न चालणारं कुणी येणार असेल तर कोकमाचं सोर्बे, म्हणजे दुधाशिवाय गोठवलेलं सरबत, करा. त्यासाठी अमृत कोकम घ्या, आगळ नको, आगळात मीठ असतं. पाण्यात मिसळून साखर एकूण वजनाच्या पाव हिस्सा होईल एवढी ठेवा, थोडं जिरं, आणि हेही ट्रेमध्ये गोठवून मिक्सरमधून काढा. नारळाच्या दाट दुधाचं गूळ घालून केलेलंही सुरेख होतं. गूळ गरम दुधात घालू नका, गार झाल्यावर पातळ करून मिसळा. गुळाने ते साखरेपेक्षा जास्त मऊ राहतं, म्हणून चमचाभर कमीच.

बारशाचं गणित : माणशी 90 ग्रॅम धरलं तर तीस माणसांना 2 किलो 700 ग्रॅम लागतं. आंब्यासकट माझ्या मापाने एका वेळी साधारण 1370 ग्रॅम होतं, म्हणजे दोन घाणे, दोन लिटर दूध, 400 ग्रॅम क्रीम आणि 800 ग्रॅम रस. बारशाच्या तीन दिवस आधी दूध आटवा, दोन दिवस आधी सकाळी गोठवा. दोन्ही घाणे एकाच वेळी फ्रीजरमध्ये घालू नका, तो दमतो. या रविवारी अर्ध्या मापाने एकदा करून बघा, तुमचा फ्रीजर किती तास घेतो ते तेव्हाच कळेल. आणि आत्ता फ्रीजरमध्ये पडलेला तो दगड टाकू नका. सुरीने तोडून थंड दुधात मिक्सरला लावा, वर आंब्याच्या फोडी आणि दुकानातल्या आइस्क्रीमचा एक गोळा ठेवा. पुण्याची मस्तानी होते.

वाढण्याआधी डबा फ्रीजरमधून काढून पंधरा मिनिटं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नको. ओट्यावर कडा वितळतात आणि मधला भाग कडकच राहतो. चमचा कोमट पाण्यात बुडवून, पुसून मग गोळा काढा.